मिथिल मूलकाचा प्रकाश-आयनीभवन काटछेद कसा मोजावा

प्रकाश-आयनीभवन काटछेद म्हणजे प्रकाश पडल्यावर रेणूतून इलेक्ट्रॉन सुटून त्याचा आयन होण्याच्या शक्यतेचे माप. मिथिलसारख्या (CH₃) हायड्रोकार्बन मुक्त मूलकांचा, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या अल्पायुषी कणांचा, काटछेद मोजताना खरी अडचण प्रकाशाची नसून मोजदादीची असते. दोन मिथिल एकत्र आले की इथेन तयार होते. त्यामुळे प्रयोगाच्या नळीत नेमके किती मूलक होते, हे अन्य रेणूवरून ठरवावे लागते. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांतून या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी सुरुवात ॲसिटोनपासून करावी, असे माझे मत आहे.

हेलियममध्ये अत्यल्प ॲसिटोन मिसळून ते काही टॉर (वातावरणाचा दाब ७६० टॉर) दाबाच्या प्रवाहनळीतून सोडावे आणि त्यावर १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर (अतिनील प्रकाशाचे स्पंद देणारा वायू-लेसर) टाकावा. तयार झालेले मूलक आणि उरलेले ॲसिटोन यांचे आयन दुसऱ्या प्रकाशाने करून मोजावेत. एक रेणू फुटला की बहुतांशी दोन मिथिल आणि एक कार्बन मोनॉक्साइड मिळतो. म्हणून मिथिलच्या संकेताला, म्हणजे मोजलेल्या आयनांच्या संख्येला, ॲसिटोनच्या संकेतातील घटीच्या दुपटीने भागून ॲसिटोनच्या ज्ञात काटछेदाने गुणावे आणि आयन वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर हलके व जड आयन सारख्याच प्रमाणात टिपत नाही, याची दुरुस्ती करावी. मिथिलचा संकेत मात्र लेसर पडल्याच्या क्षणापर्यंत मागे नेऊनच वाचावा, कारण पुनर्संयोग (मूलक पुन्हा जोडले जाणे) आणि नळीच्या भिंती त्याला लगेच घटवू लागतात.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ॲसिटोनच्या बाटलीतून थेट वायू फिरवू नये. २० अंशांना सुमारे १८५ टॉर असलेला त्याचा बाष्पदाब ४० अंशांना चारशेच्या वर जातो आणि दुपारपर्यंत मिश्रणच बदलते. त्यापेक्षा आंशिक दाब मोजून सिलिंडरमध्ये आधीच मिश्रण करून ठेवावे.

आयन करणाऱ्या दुसऱ्या प्रकाशाची ऊर्जा १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ठेवणे सोयीचे. मिथिलची आयनीभवन ऊर्जा ९.८४ आणि ॲसिटोनची ९.७० आहे, तर सुमारे १०.४ च्या पुढे ॲसिटोनचा आयन तुटून ॲसिटिल आयन दिसू लागतो. झेनॉनमध्ये ३५५ नॅनोमीटरच्या लेसरची वारंवारता तिप्पट करून मिळणारा ११८ नॅनोमीटरचा प्रकाश १०.४९ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असल्याने तेथे तो तुकडाही ॲसिटोनच्या संकेतात मिळवावा लागतो. ऊर्जा हवी तशी बदलण्यासाठी सिंक्रोट्रॉन (वेगवान इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून प्रकाश देणारे यंत्र) उपयोगी पडतो. इंदूरचा इंडस-१ हा सिंक्रोट्रॉन असा निर्वात अतिनील प्रकाश देतो. सिंक्रोट्रॉनच्या प्रकाशात उच्च हार्मोनिक (दुप्पट-तिप्पट ऊर्जेचा प्रकाश) मिसळलेले असतील, तर वायूच्या गाळणीने ते आधी काढावेत.

सर्वाधिक वेळ ॲसिटोनची घट मोजण्यात जातो. ॲसिटोन तीन टक्के घटले आणि लेसरआधी दहा हजार आयन मोजले असतील, तर तीनशेच्या फरकात सुमारे १४० ची सांख्यिकीय अनिश्चितता, म्हणजे जवळजवळ निम्मी चूक, राहते. दहा लाख आयन मोजल्यावर ती पाच टक्क्यांच्या आत येते. १९३ नॅनोमीटरच्या लेसरची ऊर्जा वाढवून घट मोठी करण्याचा मोह होतो, परंतु मूलक दाट झाले की पुनर्संयोगही वाढतो, म्हणून मी संयमाने आयन मोजत बसणेच पसंत करेन.

१०.२ इलेक्ट्रॉन व्होल्टला मिथिलच्या काटछेदाचे प्रसिद्ध झालेले मूल्य सुमारे ५.७ मेगाबार्न (एक मेगाबार्न म्हणजे १०⁻¹⁸ चौरस सेंटीमीटर) आहे आणि त्याचीही अनिश्चितता पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे. आपले मूल्य त्याच्या जवळ आले, तरी १९३ नॅनोमीटरच्या लेसरची ऊर्जा निम्मी करून मोजणी पुन्हा करावी. मिथिलचा संकेत आणि ॲसिटोनची घट यांचे गुणोत्तर बदलले, तर मूलकांची मोजदाद अजून चुकते आहे.