मटणाच्या दुकानातून प्रयोगशाळेत: बोकडाच्या मेंदूचं प्रात्यक्षिक

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला 'वर्तनाचा जैविक पाया' शिकवताना मेंदू बहुतेक ठिकाणी फळ्यावरच्या आकृतीवरच भागवला जातो. मुलं हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवणारा भाग, पाठ करतात. तो थॅलॅमसच्या, म्हणजे संवेदना पुढे पाठवणाऱ्या भागाच्या, मागे की पुढे, हे विचारलं की वर्ग गप्प. औंढा असो की औसा, कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात हे दुखणं बोकडाच्या एका मेंदूवर बरं होतं. त्यासाठी वेगळा प्राणी मारावा लागत नाही आणि खर्चही फारसा नाही. विभागप्रमुखांची लेखी परवानगी मात्र आधी घ्या. ज्या विद्यार्थ्याला हात लावायचा नाही, त्याला वहीत आकृती काढण्याचं काम द्या, सक्ती नको.

निम्मं प्रात्यक्षिक मटणाच्या दुकानातच बिघडतं. आपल्याकडे मुंडी आधी भाजतात आणि मग मधोमध फोडतात. भाजलेल्या मुंडीतला भेजा वरून अर्धवट शिजलेला असतो. फोडलेल्या मुंडीतला सत्तूरच्या घावाने मधेच चेंगरतो, आणि पाहायचा असतो तो नेमका मधला भाग. म्हणून आदल्या दिवशी दुकानदाराला सांगून ठेवा: मुंडी न भाजता, कवटीची वरची टोपी कडेकडेने उडवून, भेजा अख्खा काढायचा, आणि मागे पाठीच्या कण्याकडची दोन-तीन सेंटिमीटर दोरी लावूनच ठेवायची. रविवारी हे सांगू नका. गिऱ्हाइकांच्या गर्दीत तुमच्या मेंदूकडे कोण बघणार? मधल्या वारी सकाळी लवकर जा आणि दोन भेजे घ्या. एक बिघडतोच.

काढताना दोन भाग हमखास हरवतात. एक म्हणजे समोरचे वासाचे कंद, ते कवटीच्या खाचेत अडकून तुटतात. दुसरी पियुषिका (पिट्यूटरी) ग्रंथी; ती कवटीच्या तळाच्या खड्ड्यात दृढावरणाखाली, म्हणजे मेंदूवरच्या जाड आवरणाखाली, बसलेली असते आणि भेजा उचलला की तिथेच राहते. ती हवी असेल तर कवटीचा तळही मागून घ्या.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या वर असतो. अशा उन्हात पिशवीत ठेवलेला मेंदू दोन तासांत मऊ पडतो. झाकणाचा डबा न्या आणि डब्याभोवती बर्फ घाला, पण बर्फ मेंदूला थेट लागू देऊ नका. मेंदू टिकवून घट्ट करणाऱ्या फॉर्मॅलिनच्या द्रावणात लगेच टाकणं जमत नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एक रात्र चालेल. वरच्या बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको: पेशींत बर्फाचे स्फटिक तयार होऊन त्या फाटतात आणि वितळल्यावर हाती लापशी येते.

आता द्रावण. बाजारातलं फॉर्मॅलिन म्हणजे ३७ ते ४० टक्के फॉर्मॅल्डिहाइड. आपल्याला लागतं '१० टक्के फॉर्मॅलिन', म्हणजे एक भाग फॉर्मॅलिनला नऊ भाग पाणी. यात चूक नेहमी एकच होते: दहा टक्के फॉर्मॅल्डिहाइड समजून अडीचपट तीव्र द्रावण केलं जातं, आणि मग डोळ्यांतून धारा लागतात. मेंदू शंभर-सव्वाशे ग्रॅमचा असतो आणि द्रावण त्याच्या किमान दहापट हवं, त्यामुळे रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत दोन लिटर करा: २०० मिली फॉर्मॅलिन, १८०० मिली पाणी, ८ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) आणि १३ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. यातल्या दुसऱ्या क्षाराच्या बाटलीवर डायहायड्रेट लिहिलं असेल तर १३ च्या जागी साधारण १६ ग्रॅम घ्या. हे क्षार नसले तर फॉर्मॅलिन हळूहळू आम्ल होतं आणि रक्ताशी मिळून काळपट डाग धरतं.

पाणी बोअरचं वापरू नका. आपल्याकडच्या जड पाण्यातलं कॅल्शियम फॉस्फेटला धरतं, द्रावण दुधासारखं गढूळ होतं आणि तळाशी चुना बसतो. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर उत्तम.

फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक आहे, म्हणून हे काम व्हरांड्यात, वाफ आपल्यापासून दूर वाहून जाईल अशा बाजूला उभं राहून करा. नायट्राइलचे हातमोजे आणि बाजूने बंद असलेला चष्मा लागतोच. कोरोनाच्या काळातला एन-९५ मास्क इथे काही कामाचा नाही. तो धूळ अडवतो, वाफ अडवत नाही.

बरणीच्या तळाशी कापसाचा जाड थर द्या, नाहीतर मेंदू स्वतःच्या वजनाने एका बाजूने चपटा होतो. त्याहून बरी युक्ती म्हणजे खालच्या बाजूच्या मधल्या धमनीखालून दोरा ओवून मेंदू उलटा टांगायचा. पहिल्या २४ तासांनी द्रावण बदला, कारण ते रक्ताने लालसर झालेलं असतं. मग दहा ते चौदा दिवस हात लावू नका. तिसऱ्या दिवशी बाहेरून घट्ट लागतो म्हणून कापलात तर आत गुलाबी, पिठूळ थॅलॅमस निघेल आणि सुरीला चिकटून येईल; फॉर्मॅलिन जितकं आत जातं तितकी त्याची चाल मंदावते.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी मेंदू धुवायचा. वाहत्या नळाखाली रात्रभर ठेवा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. २०१६ साली ज्या लातूरला रेल्वेने पाणी आलं, तिथे हा सल्ला कोण ऐकणार? चार लिटरच्या बादलीत ठेवून दर दोन-तीन तासांनी पाणी बदला. पाच-सहा वेळा पुरेसं होतं. पहिली दोन पाणी मोरीत न ओतता वापरलेल्या फॉर्मॅलिनच्या कॅनमध्ये साठवा.

ट्रेमध्ये मेंदू आधी पालथा न करता वरून पाहू द्या. दृढावरण जाड, चामड्यासारखं. ते बोथट चिमट्याने सोलून निघतं. मोठ्या आणि लहान मेंदूच्या फटीत त्याचा पडदा खोल शिरलेला असतो. तो ओढू नका, कात्रीने कापा, नाहीतर लहान मेंदूचा तुकडा सोबत येतो. माणसाचा मेंदू १३०० ते १४०० ग्रॅमचा, हे इथेच सांगा. पुढचा भाग माणसात केवढा फुगलेला आणि बोकडात केवढा, तेही दाखवा. १८४८ साली अमेरिकेत फिनिअस गेज या रेल्वेमार्गावरच्या कामगाराच्या डोक्यातून लोखंडी कांब गेली आणि त्याचा स्वभाव बदलला असं सांगतात, ती याच पुढच्या भागातून.

मग उलटा करा. समोर वासाचे कंद, त्यांच्या मागे दोन्ही कडांना फुगीर पिरिफॉर्म भाग (वासाशी संबंधित), मधे दृष्टिचेतांची, म्हणजे डोळ्यांकडून येणाऱ्या नसांची, फुली. चेतांची बाकी नावं पहिल्या वर्षाला सोडून द्या. फुली मात्र सोडू नका: माणसात सुमारे निम्मे तंतू बाजू बदलतात, बोकडात बहुतेक सगळेच, कारण त्याचे डोळे कडेला असतात. नावापेक्षा हे 'कारण' मुलांच्या जास्त लक्षात राहतं.

मधला काप हा खरा कसोटीचा. लांब, पातळ, ओली केलेली सुरी घ्या; स्कॅल्पेलचं पातं इथे अपुरं पडतं. दोन गोलार्धांच्या फटीत सुरी ठेवून मागून पुढे एकाच ओढीत खाली न्या. करवतीसारखं पुढे-मागे केलं की पांढऱ्या तंतूंच्या कडा फाटतात. काप नीट बसला तर वर कमानीसारखा पांढरा पट्टा दिसेल, तो दोन्ही गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोझम. त्याखाली मधोमध गोल चकती म्हणजे दोन्ही थॅलॅमसना जोडणारा भाग. बोकडात ती चांगलीच मोठी असते. थॅलॅमसच्या मागे वरून दोन टेंगळं, आणि त्यापलीकडे लहान मेंदूतली झाडासारखी पांढरी नक्षी. चकती दिसली नाही आणि कॅलोझमवर पातळ करडा थर उरला असेल तर सुरी बाजूला सरकली आहे. त्या बाजूचा पातळ थर सोलून काढा, सगळं परत कापू नका.

हिप्पोकॅम्पससाठी घाई नको. कॅलोझमखालचा पातळ पडदा बोथट काडीने फोडून पोकळीत शिरा आणि काडी मागच्या दिशेने न्या. पोकळीच्या तळाला गुळगुळीत, चकचकीत पांढरा उंचवटा लागेल. तो थॅलॅमसला मागून वळसा घालत खाली उतरतो. हाच तो. दुसऱ्या अर्ध्या भागाचे समोरून मागे एकामागून एक असे, पावाच्या कापांसारखे, एक-एक सेंटिमीटरचे काप केले की फुलीच्या जरा मागच्या कापात पिरिफॉर्मच्या आत अमिग्डला (भीतीसारख्या भावनांशी संबंधित भाग) येतो, आणि आणखी मागे गुंडाळीसारखा हिप्पोकॅम्पस.

इथे थांबून मानसशास्त्राच्या कपाटातलं आरशात बघून तारा, म्हणजे चांदणीची आकृती, गिरवण्याचं उपकरण ट्रेशेजारी ठेवा. हेन्री मोलायसन या रुग्णाच्या मेंदूतून १९५३ साली अपस्मारावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढला गेला. नवं काही त्याच्या लक्षात राहीना. पण मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याच्याकडून आरशातला तारा गिरवून घेतला, तेव्हा त्याच्या चुका दिवसागणिक कमी झाल्या. आदल्या दिवशी आपण हे केलं होतं, हे मात्र त्याला आठवत नव्हतं. एका विद्यार्थ्याला तारा गिरवायला लावा आणि दुसऱ्याला विचारा: याच्या हाताला येणारी सफाई ट्रेमधल्या कुठल्या भागाविना येऊ शकते? टाचण्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावण्याऐवजी असे प्रश्न लावा. 'थॅलॅमस ओळखा' असं न विचारता 'वास सोडून बाकी सगळ्या संवेदना कुठे थांबून पुढे जातात?' असं विचारलं की रट्टा मारलेला विद्यार्थी लगेच उघडा पडतो.

काम संपलं की तुकडे कचराकुंडीत टाकू नका. कुत्री ते उचलतात आणि त्यात फॉर्मॅलिन मुरलेलं असतं. जवळच्या वैद्यकीय किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी बोलून पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात द्या, वापरलेल्या द्रावणाचा कॅनही तिथेच. चांगला निघालेला मधला काप ताज्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये घालून बरणीचं झाकण टेपने बंद करा आणि वर तारीख व द्रावणाचं नाव ठळक लिहा. तो पुढच्या तुकडीलाही चालतो.