कलाकार नालायक निघाला, आता त्याच्या गाण्यांचं काय करायचं?

ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते सगळं डिलीट मार, दुसरी म्हणते माणूस वेगळा कला वेगळी, आणि दोघांनाही विचार करायचा कंटाळा असतो.

आधी बघा नुसता आरोप आहे, स्वतः कबूल केलंय की कोर्टाने दोषी ठरवलंय. फॉरवर्ड वाचून निकाल देऊ नका (केस नाही म्हणजे काही घडलंच नाही असंही नसतं हां).

मग पैसा बघा, खरी मेख तिथेच. इटालियन चित्रकार काराव्हाजिओने १६०६ ला रोममध्ये माणूस मारला, पण तो १६१० लाच गेला, त्याचं चित्र बघून त्याला काय मिळणारे? अमेरिकन गायक आर. केली जिवंत आहे, २०२२ ला ३० वर्षांची शिक्षा झाली, म्हणून नवीन पैसे घालायच्या आधी रॉयल्टी कुणाला जाते ते विचारा. आपल्याकडे तर गाण्याचा कॉपीराइट गीतकार-संगीतकार गेल्यावरही ६० वर्षं चालतो.

गडकरी रंगायतनला नाटक असेल तर अजून किचकट, कारण प्रयोग बंद झाला की बॅकस्टेजवाल्यांची नाईट (प्रयोगामागे मिळणारे पैसे) पण जाते, त्यांचा काय दोष? माझ्या मते तिथे सरसकट बहिष्कारापेक्षा त्या एका माणसाच्या जागी दुसरा घ्या असं निर्मात्याला सांगावं.

घरात जुनी सीडी आहे, खुशाल ऐका. सोसायटीच्या गणपतीत स्पीकरवर मात्र लावू नका, खाली बसलेल्यांपैकी कुणी काय सोसलंय आपल्याला माहीत नसतं.