पोर्ट्समथला मास्टर्स करायला जाताना

पोर्ट्समथ विद्यापीठाबद्दल एजंट दोन गोष्टी हमखास सांगतात: शहर समुद्रकाठी आहे आणि लंडन दोन तासांवर आहे. दोन्ही खऱ्या आहेत. पण तेवढ्यावर तीसेक लाखांचा निर्णय घेऊ नये.

हे इंग्लंडमधलं 'नवं' विद्यापीठ. 1992 मध्ये तिथल्या पॉलिटेक्निकांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यातलंच हे एक. आपल्याकडच्या डिप्लोमावाल्या पॉलिटेक्निकशी त्याची गल्लत करू नका; तिथली पॉलिटेक्निकं आधीपासूनच पदवीचे अभ्यासक्रम चालवत होती. भर मात्र उद्योगाला लागणाऱ्या विषयांवर राहिला आणि तो आजही आहे. रसेल ग्रुप या नामांकित विद्यापीठांच्या गटात हे नाव नाही, त्यामुळे नुसत्या नावावर मुलाखती मिळत नाहीत. इथे कोर्स पाहून यावं. विश्वरचनाशास्त्रासारख्या विषयात इथल्या संशोधन संस्थेचं नाव जगभर आहे. शेजारच्याच इमारतीतला एखादा कोर्स अगदी साधारण असू शकतो. मॉड्यूलची यादी, प्रबंधाचे गुण आणि परीक्षा किती, असाइनमेंट किती, एवढं वाचल्याशिवाय डिपॉझिट भरू नका.

ऑफर लेटरवर पहिल्यांदा तपासायचं ते शिकण्याचं ठिकाण. विद्यापीठाने 2024 पासून लंडनच्या वॉल्थम फॉरेस्ट भागातही कॅम्पस सुरू केला आहे. काही कोर्स दोन्हीकडे चालतात आणि फॉर्म भरताना चुकीचा पर्याय सहज निवडला जातो. फरक फक्त पत्त्याचा नाही. व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची जी रक्कम दाखवावी लागते, ती नोव्हेंबर 2025 पासून लंडनबाहेर महिन्याला 1,171 पाउंड आहे आणि लंडनमध्ये 1,529. नऊ महिन्यांचे पोर्ट्समथसाठी 10,539 होतात, लंडन कॅम्पससाठी 13,761. कॅसवर, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या प्रवेशाच्या पुष्टीपत्रावर, लंडन लिहिलेलं असेल आणि तुम्ही पोर्ट्समथच्या हिशेबाने पैसे दाखवले, तर अर्ज तिथेच फेटाळला जातो.

या रकमेत उरलेली फी मिळवायची आणि एकूण बेरीज सलग 28 दिवस खात्यात ठेवायची. अर्ज सहसा कुठे अडतो? खातं रुपयांत असतं, रक्कम पाउंडांत मोजली जाते आणि अर्जाच्या दिवशीचा विनिमय दर धरला जातो. काठावर पैसे ठेवले आणि रुपया थोडा घसरला की खेळ संपला. निदान पाच टक्के जास्त ठेवा आणि त्या 28 दिवसांत त्या खात्यातून विजेचं बिलसुद्धा भरू नका. खातं तुमचं किंवा आईवडिलांचं हवं. आईवडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडावं लागतं. काकांनी-मामांनी कितीही मनापासून पैसे दिले, तरी ते त्यांच्या खात्यात पडून असतील तर उपयोग नाही. शैक्षणिक कर्ज असेल तर मंजुरीपत्र विद्यार्थ्याच्या नावावर आणि सहा महिन्यांच्या आतलं लागतं.

तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या अर्जासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला 776 पाउंड. एक वर्षाच्या कोर्सला व्हिसा मात्र सोळा-सतरा महिन्यांचा मिळतो, म्हणून दीड वर्षाचे 1,164 पाउंड धरा. टीबीची तपासणी फक्त मान्यताप्राप्त केंद्रातली चालते. अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्राच्या काही कोर्सना एटीएएस नावाची वेगळी मंजुरी लागते. ती फुकट असते, पण महिनाभर किंवा त्याहूनही जास्त वेळ घेते आणि ती आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज करता येत नाही. जूनपर्यंत याची चौकशीच केली नाही, तर सप्टेंबरची बॅच हुकू शकते.

सामानाबद्दल एकच सांगतो: साजूक तूप, पेढे, बर्फी, दुधाचं काहीही नेऊ नका, नियमाने बंदी आहे. मसाले, चटण्या, बाकरवडी चालते. शहरात बांगलादेशी वस्ती चांगली आहे, त्यामुळे डाळी, तांदूळ, हिरव्या मिरच्यांची ददात नाही.

पोर्ट्समथ शहराचा बराचसा भाग पोर्टसी नावाच्या सपाट बेटावर आहे. चढ जवळजवळ नाही, म्हणून सायकल उत्तम. छत्री मात्र निरुपयोगी, कारण सॉलेंटच्या सामुद्रधुनीवरून येणारा वारा ती उलटी करतो. टोपीवालं रेनकोट-जॅकेट घ्या. मुख्य कॅम्पस गिल्डहॉल या सभागृहाभोवती आहे. लंडन वॉटर्लूहून येणारी गाडी आधी फ्रॅटन, मग पोर्ट्समथ अँड साउथसी आणि शेवटी हार्बर अशी थांबते. कॅम्पसला मधलं स्टेशन जवळ. मोठी सूटकेस घेऊन हार्बरला उतरलात तर उलटं यावं लागेल. हीथ्रोहून थेट कोचही आहेत, सामान जास्त असेल तर तेच बरं.

घर शोधताना आधी नकाशा पाहा. साउथसी आणि फ्रॅटन चालत जाण्याजोगे. कॉपनर, नॉर्थ एंडला भाडं थोडं कमी, पण सायकल किंवा बस आली. कोशम तर बेटाबाहेरच आहे. साउथसीतली बरीच घरं जुनी, एकमेकांना चिकटलेली. समुद्राच्या दमट हवेत भिंतींना बुरशी धरते. खोली पाहताना पलंग सरकवून मागची भिंत आणि खिडकीची चौकट बघा. व्हिडिओ कॉलवर दाखवत असतील तर तेच दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं. भाडं बिलांसकट आहे का, हा पुढचा प्रश्न. हिवाळ्यात हीटिंगचं बिल सगळं गणित बिघडवतं. तीन किंवा जास्त बिगरनातेवाईक राहणार असतील तर घराला कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या पालिकेचा, परवाना लागतो. डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि 30 दिवसांत ते सरकारमान्य ठेव संरक्षण योजनेत नोंदवावं लागतं. त्याचा कागद मागून घ्या.

एक बदल नीट समजून घ्या. इंग्लंडमध्ये जामीनदार नसलेले भारतीय विद्यार्थी पूर्वी सहा महिन्यांचं भाडं एकदम देऊन घर मिळवायचे. 1 मे 2026 पासून खाजगी घरमालकाला एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. ऐकायला छान वाटतं, पण आता जामीनदाराशिवाय घर मिळणं अवघड होतं. म्हणून पहिल्या वर्षी विद्यापीठाचं किंवा विद्यार्थ्यांसाठीच बांधलेलं वसतिगृह घेणं जास्त शहाणपणाचं, थोडं महाग पडलं तरी. घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) माफ असतो. नोकरी करणारा एखादा मित्र राहायला आला की बिल येतं.

मास्टर्स 180 क्रेडिटचं. एका क्रेडिटमागे दहा तासांचा अभ्यास धरलेला असतो, म्हणजे 20 क्रेडिटच्या मॉड्यूलला 200 तास, आणि त्यातला वर्गातला वाटा छोटा. आठवड्यात वर्ग कमी दिसतात म्हणून मुलं शिफ्ट वाढवतात आणि डिसेंबरात तीन असाइनमेंट एकदम अंगावर येतात. 50 ला पास, 60 ला मेरिट, 70 ला डिस्टिंक्शन. आपल्याकडच्या 85 टक्क्यांची सवय असलेल्यांनी 62 पाहून रडू नये, ते चांगले गुण आहेत. संदर्भ न देता उचललेला परिच्छेद म्हणजे वाङ्मयचौर्य, मग तो मित्राच्या जुन्या असाइनमेंटमधला का असेना. आजारी पडलात तर सवलतीचा अर्ज मुदतीत आणि पुराव्यासह करावा लागतो. सरांना नुसता ईमेल करून भागत नाही.

काम सत्राच्या काळात आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास, सोमवार ते रविवार मोजून. एप्रिल 2026 पासून 21 आणि त्यावरच्या वयाच्यांना किमान वेतन तासाला 12.71 पाउंड, म्हणजे आठवड्याचे फार तर 254. यातून जेवणखाण आणि भाड्याचा काही भाग निघतो, फी निघत नाही. मास्टर्सवाले हमखास चुकतात ते उन्हाळ्यात: पदवीच्या मुलांना सुट्टी लागते, तुमचा प्रबंध चालू असतो, त्यामुळे मर्यादा 20 चीच राहते. सायकलवरून जेवण पोचवण्याचं ॲपवालं काम स्वयंरोजगारात मोडतं, ते या व्हिसावर चालत नाही. दुसऱ्याचं खातं भाड्याने घेऊन तर मुळीच नाही. गनवॉर्फ कीज या मॉलच्या दुकानांत नाताळची भरती सप्टेंबर-ऑक्टोबरातच होते, नोव्हेंबरात सीव्ही घेऊन फिरण्यात अर्थ नाही. आणि लाल-पांढरा पट्टेरी शर्ट घालून मुलाखतीला जाऊ नका, ते शेजारच्या साउथॅम्प्टन या कट्टर प्रतिस्पर्धी फुटबॉल संघाचे रंग आहेत.

इथे आपल्याकडच्यासारखं कॅम्पस प्लेसमेंट नसतं. कंपन्या दारात येत नाहीत; मोठ्यांच्या पदवीधर योजना तुम्ही उतरता त्याच शरद ऋतूत उघडतात आणि भराभर बंद होतात. 'प्रोफेशनल प्लेसमेंट'सह दोन वर्षांचा कोर्स घेतलात तरी जागा तुम्हालाच शोधायची असते, नाही मिळाली तर कोर्स एका वर्षावर येतो. शहराचा मोठा रोजगार नौदलाचा तळ आणि संरक्षण उद्योगाचा. त्यातल्या बहुतेक पदांना सुरक्षा मंजुरी लागते, तिच्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व किंवा कित्येक वर्षांचं तिथलं वास्तव्य मागतात. गोदीतल्या विमानवाहू नौका पाहून इथेच नोकरी मिळेल असं मेकॅनिकलवाल्यांनी धरून चालू नये.

शेवटी ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिक्षणानंतर तिथे राहून काम करण्याचा. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तो दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचा मिळेल. म्हणजे सप्टेंबर 2026 च्या बॅचला 18 महिनेच. त्यात पुढच्या नोकरीच्या व्हिसासाठी प्रायोजक कंपनी शोधायची, आणि त्या व्हिसाला करिअर नव्याने सुरू करणाऱ्यांसाठीही पगार किमान 33,400 पाउंड, काही पदांना त्याहून जास्त लागतो. हा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच, विद्यार्थी व्हिसा संपण्याआधी आणि विद्यापीठाने निकाल गृहखात्याला कळवल्यावरच करता येतो. निकाल साधारण दिवाळीच्या आसपास लागतात. घरी जायचं असेल तर अर्ज करण्याआधी जाऊन परत या. अर्ज केल्यानंतर निर्णय येईपर्यंत देश सोडलात, तर तो मागे घेतला असं धरतात आणि भरलेल्या पैशांसह तो मार्गच बंद होऊ शकतो.