वार (पोटातल्या बाळाला पोसणारी, प्लासेंटा) नीट राहावी म्हणून काय करायचं (आणि कुठली डबी घ्यायची नाही)

वहिनीचं बीपी सातव्या महिन्यात चढलं तेव्हा शेजारच्या मावशी अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची डबी घेऊन हजर. कल्पना अगदीच खुळी नाही हां. आईकडून वारेला रक्त नेणाऱ्या वाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत रुंद व्हायला हव्यात, त्या झाल्या नाहीत तर रक्त मे महिन्यातल्या नळासारखं अडखळत येतं, तिथे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेशींना इजा करणाऱ्या द्रव्यांचा मारा, जो अँटिऑक्सिडंटने कमी होईल अशी आशा) वाढतो आणि वार आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते की बीपी चढतं, लघवीत प्रोटीन जातं. हाच प्रीएक्लॅम्पसिया. पण २००६ साली ब्रिटनमध्ये जोखमीच्या बायकांना रोज १००० मिग्रॅ व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट ई ही अँटिऑक्सिडंट देऊन बघितलं, तो काही टळला नाही, उलट कमी वजनाची बाळं जास्त झाली. म्हणून डबी परत.

त्यापेक्षा तिसरा महिना संपायच्या आत डॉक्टरकडे जा आणि आधीच्या खेपेला बीपी होतं, जुळं आहे, शुगर किंवा किडनीचा त्रास आहे, जे असेल ते सांगून विचारा, मला कमी डोसची ॲस्पिरिन लागेल का? ती १६ आठवड्यांच्या आत सुरू झाली तर खरा उपयोग. स्वतःच्या मनाने मात्र नको.

कॅल्शियम चौथ्या महिन्यापासून, सरकारी दवाखान्यात ५०० मिग्रॅच्या दोन गोळ्या रोजच्या देतात. लोहाची गोळी वेगळ्या वेळी, आणि चहासोबत नाहीच. नाचणीचं तिझान (पातळ खीर), काट्यासकट चावून खाल्लेले तारले (छोटे मासे) हेही चालू ठेवा. पाय सुजले म्हणून आमच्या आईने आमटीतलं मीठच काढलं होतं, बिचारी वहिनी आठवडाभर अळणी जेवली, त्याने प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही.

बीपी घरी मोजताना आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला उशीवर. पट्टा उघड्या दंडावर, आम्ही चार दिवस गाऊनच्या बाहीवरूनच बांधत होतो! आकडे वहीत लिहा. १४०/९० आलं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन. १६०/११० किंवा न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर चमचम, उजव्या बरगडीखाली दुखणं, तोंड एकदम सुजणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं एक जरी झालं तरी सकाळची वाट बघू नका, १०८ लावा, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहत असाल तर आधीच, कारण तिथून बांबोळीचं जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) काही जवळ नाही.