थांबायचं इंधन धरलंय का?

विज्ञान प्रदर्शनात 'प्रकाशाहून वेगवान यानाला इंधन किती?' असा तक्ता लावणार असाल तर कार्डशीट, टाचण्या तुमच्या तुम्ही बघा. मी सांगतोय ते हिशेबाचं. गेल्या वर्षी माझीच फजिती झाली.

अंतर भागिले अ‍ॅव्हरेज हे आधी डोक्यातून काढा. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, गाडी पन्नासचं देते, पाच लिटर टाका. हे इथं चालत नाही. अवकाशात घर्षण जवळजवळ नाहीच, एकदा वेग घेतला की यान फुकट पळतं. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, 4.24 प्रकाशवर्षं लांब आहे, ती चाळीस असती तरी इंधन तेवढंच. ते ठरतं वेगावर. आणि थांबण्यावर!

मी 1 टनाचं यान धरलं, पदार्थ-प्रतिपदार्थ (पदार्थाचं उलट रूप, दोन्ही भेटले की ऊर्जा होऊन संपतात) जाळून मागं नुसता प्रकाश सोडणारं. याहून सरस रॉकेट नाही. सूत्र असं: वेग प्रकाशाच्या पटीत धरून (1 + वेग) भागिले (1 − वेग), त्याचं वर्गमूळ; निघताना यान अधिक इंधन रिकाम्या यानाच्या तितके पट. प्रकाशाच्या 90 टक्के वेगाला इंधन 3.36 टन, असं ठळक लिहून ऐटीत उभा राहिलो. सातवीतली एक पोरगी म्हणाली, "सर, ते थांबतंय कसं ओ?"

ब्रेक लावायला खाली रस्ता नाही. उलटा जोर लावायचा, आणि त्याचं इंधन आधी सोबत पळवत न्यायचं. म्हणून बेरीज नाही, गुणाकार: यान अधिक इंधन 4.36 पट, ते दोनदा, 4.36 गुणिले 4.36, एकूण 19 टन, त्यात इंधन 18. परतायचं असेल तर 19 चा वर्ग, 361 टन. थांबणं धरा. पेन्सिलनं का होईना, आधी तेच लिहा.

शंभर टक्क्यांना सूत्रात भाजक शून्य होतो, इंधन अनंत. पुढं तर ऋण संख्येचं वर्गमूळ, तिथं रॉकेट संपलं. मग भौतिकशास्त्रज्ञ अल्कुबिएरे यांची 1994 ची कल्पना घ्या: यान अवकाशाच्या एका बुडबुड्यात, त्याच्यापुढचं अवकाश आकसायचं, मागचं पसरायचं. त्याला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते, ती टनांत भरून ठेवलेली कुठंच मिळत नाही; लिटर वगैरे लिहू नका. आणि इथंही थांबणं आहेच! प्रकाशापुढं गेल्यावर यानातला संदेश बुडबुड्याच्या पुढच्या भिंतीला गाठतच नाही, मग बंद कोण करणार?

हे आकसणं दाखवायला टेबलावर चादर, म्हणजे अवकाश; वर खेळण्यातली गाडी, पुढं चुण्या. नवी सोलापुरी चादर जाड असते, चुणी धरत नाही. घरची धुऊन मऊ झालेली न्या. कॅल्क्युलेटर, पाण्याची बाटली. झालं.