तोंडातल्या फोडांवर स्टेरॉईड पेस्ट लावताना या चुका टाळा

तोंड आलं की लोक ट्रायमसिनोलोन या स्टेरॉईडच्या पेस्टची छोटी ट्यूब आणतात, दोन दिवस लावतात आणि दवाखान्यात येऊन सांगतात, "डॉक्टर, काही उपयोग नाही." मी आरसा हातात देतो आणि म्हणतो, माझ्यासमोर लावून दाखवा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडलेलं असतं.

एक गृहस्थ तर तावातावाने आले होते. पेस्ट बनावट आहे, तोंडात वाळू होते, अशी तक्रार. लावा म्हटल्यावर त्यांनी दात घासायला घेतात तेवढी पेस्ट बोटावर घेतली, लाळेने ओल्या झालेल्या फोडावर गोल गोल चोळली आणि ती कचकच सहन न होऊन चूळ भरून टाकली. औषध बेसिनमध्ये, फोड जागच्या जागी, ट्यूब संपत आलेली.

ही पेस्ट चोळायची नसतेच. तिच्यात जिलेटिन, पेक्टिन असे चिकट पदार्थ असतात. ते ओलावा शोषून फोडावर गुळगुळीत पापुद्रा धरतात आणि त्याखाली 0.1 टक्का स्टेरॉईड हळूहळू काम करतं. चोळलं की पापुद्रा धरण्याआधीच मोडतो आणि रवाळ चुरा हाती येतो. माझी पद्धत अशी: ओठ किंवा गाल बाहेर ओढून धरायचा, स्वच्छ गॉजने फोड टिपून कोरडा करायचा, अगदी थोडी पेस्ट ओलसर इअरबडच्या टोकावर घेऊन फोडावर टेकवायची, हलकं दाबायचं आणि हात काढून घ्यायचा. नंतर जीभ तिकडे न्यायची नाही. हेच लोकांना सगळ्यात अवघड जातं.

वेळ जेवणानंतरची, जेवणाआधी लावलेली पेस्ट घासाबरोबर पोटात जाते. पुन्हा पुन्हा लावायचा कंटाळा असेल तर एकदाच, झोपताना लावा, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि तोंडही गप्प असतं. लावल्यावर अर्धा तास पाणीसुद्धा नको.

उशिरा सुरुवात करणारेही पुष्कळ. साधा फोड 7 ते 14 दिवसांत आपोआप भरतो. आठव्या दिवशी पेस्ट लावून दहाव्या दिवशी तिचे गुण गाऊ नका. चुरचुर जाणवली त्याच दिवशी लावा.

त्वचेचं स्टेरॉईड मलम तोंडात? नाही. ते तोंडात टिकत नाही, आणि गिळण्यासाठीही बनवलेलं नसतं.

प्रत्येक फोड या पेस्टचा नसतो. टाळूवर किंवा हिरडीवर बारीक फोडांचा पुंजका, सोबत ताप, किंवा ओठाच्या बाहेर पाण्याने भरलेले फोड असतील तर नागीण गटातल्या विषाणूची शंका घ्या. तिथे स्टेरॉईड म्हणजे विषाणूला मोकळं रान. पुसला तर निघणारा पांढरा थर बुरशीचा असू शकतो, आणि बुरशी स्टेरॉईडने वाढते.

आता ज्या चुकीवर मी खरोखर चिडतो ती. जिभेच्या कडेला एकच व्रण, आणि एक बाई कित्येक आठवडे त्यावर पेस्ट लावत होत्या. लावली की दुखणं कमी व्हायचं, म्हणून दाखवलं नाही. शेजारच्या दाढेचा तुकडा उडून धारदार कड राहिली होती, प्रत्येक घासाला तीच जीभ कापत होती. कड घासून गुळगुळीत केली, पेस्ट बंद केली, व्रण भरला. भरला नसता तर दोन आठवड्यांनी मी त्यांना बायोप्सीला, म्हणजे व्रणाचा तुकडा काढून तपासायला, पाठवणार होतो. तीन आठवड्यांहून जुना, कडा टणक झालेला, विशेषतः न दुखणारा व्रण कर्करोगाचा असू शकतो, आणि दुखणं दाबणारी पेस्ट तिथे फक्त वेळ खाते. म्हणून माझा नियम कडक आहे: सात दिवसांत ठळक फरक नाही, तर ट्यूब बाजूला ठेवून तोंड दाखवायचं.

वरचेवर तोंड येणाऱ्यांना झटपट उपाय म्हणून दुसरी ट्यूब हवी असते. मी त्यांना आधी हिमोग्लोबिन, लोह, बी12 आणि फोलेट तपासायला सांगतो, सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा पदार्थ नसलेली टूथपेस्ट वापरायला लावतो आणि चालू गोळ्यांची यादी मागतो. छातीच्या दुखण्यावरची निकोरँडिल गोळीसुद्धा तोंडात खोल व्रण करते. अशी गोळी मात्र स्वतःहून थांबवू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. फोडांबरोबर जननेंद्रियावरही व्रण येत असतील किंवा डोळे लाल होऊन दुखत असतील, तर दाताच्या डॉक्टरवर न थांबता फिजिशियनकडे जा.