'बोनाफाईड म्हणजे काय' हे विचारायला मला दीड महिना लागला

२०२२ च्या पावसाळ्यात भिवापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून मी नागपूरला निघाले, तेव्हा बाबांनी एकच गोष्ट सांगितली. "कोनापुढं हात पसरू नोको." तीन एकर कोरडवाहू, माय हंगामात मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवतात तिथे, देठ खुडायला जाते, कृषी केंद्राची उधारी दिवाळीत फिटली तर फिटली. अशा घरात या वाक्याला वजन असतं. मी ते पदराला बांधलं आणि उमरेड रोडच्या एसटीत बसले. पुढे वर्षभर त्या वाक्याचा मी जो अर्थ लावत बसले, त्यानं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं केमिस्ट्रीनंही केलं नाही.

यंदा आमच्या गावातल्या चौघांनी नागपुरात ॲडमिशन घेतली आहे. चौघांच्याही घरी कॉलेजचं तोंड कोणी पाहिलेलं नाही. त्यांचे फोन येतात, त्यांच्या मायबापांचे येतात, आणि प्रश्न तेच असतात जे मला पडले होते आणि मी विचारले नव्हते. म्हणून एकदाचं लिहून काढते आहे.

सुरुवात बोनाफाईडपासून. नंदनवनला खोली घेतली होती, कॉलेज लांब, रोज 'आपली बस'नं, म्हणजे शहर बसनं, जायचं. विद्यार्थी पाससाठी बोनाफाईड लागतं असं कंडक्टर म्हणाला. मला वाटलं, ही कसली तरी फी असणार. बाबांना आणखी पैसे कुठे मागायचे, म्हणून मी गप्प बसले आणि दीड महिना पूर्ण तिकीट काढत राहिले. बोनाफाईड म्हणजे 'ही मुलगी आमच्याच कॉलेजात शिकते' असं लिहिलेला एक कागद. अर्ज करायचा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची, दुसऱ्या दिवशी खिडकीवरून घ्यायचा. हे मला कळलं ते बसमध्ये शेजारी बसलेल्या एका फर्स्ट इयरच्याच मुलीकडून. तिचे वडील मास्तर. तिनं ॲडमिशनच्या दिवशीच दोन प्रती काढून ठेवल्या होत्या.

तिच्याकडे जास्त हुशारी होती असं नाही. तिच्या घरी हे शब्द जेवताना कानावर पडत होते, एवढंच. आमच्या घरी बाबा फोनवर विचारायचे, "कितव्या वर्गात हायेस आता?" मी म्हणायची, थर्ड सेम. "म्हंजे तिसरीत?" आणि स्वतःच हसायचे.

शिष्यवृत्तीचं मात्र सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त मुलं तिथेच अडकतात. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा असतो. कागद लागतात ते असे: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, ओबीसी असाल तर नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी (शाळा सोडल्याचा दाखला), फीची पावती. यातले अर्धे तालुक्याच्या गावी निघतात, नागपुरात नाही. म्हणजे बारावीचा निकाल लागल्याबरोबर सेतू केंद्रात, म्हणजे दाखले काढून देतात तिथे, जाऊन बसा. ॲडमिशन झाल्यावर गेलात तर कॉलेज बुडवून जावं लागेल. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. माझ्या एका दाखल्यावर बाबांच्या नावात एक काना कमी होता. त्या कान्यासाठी भिवापूरच्या दोन चकरा झाल्या.

अर्ज भरला की काम संपलं असं मी समजले. तसं नसतं. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथले बाबू तपासतात, मग पुढे विभागाकडे जातो. काही चुकलं तर अर्ज तुमच्याकडे परत येतो, आणि परत आल्याचं तुम्ही पोर्टल उघडून पाहिलं तरच नीट कळतं. दर आठवड्याला एकदा पाहा.

आणि पैसे. फेब्रुवारीत वर्गातल्या मुलींचे जमा झाले, माझे नाहीत. मी चार महिने थांबले. वाटलं, आपल्यालाच नसेल मिळत, कोणाला काय विचारायचं? शेवटी पोर्टलवर पाहिलं तर रक्कम दिलेली दिसत होती. गेली कुठे? शाळेत असताना गावात एक शिबिर लागलं होतं, तिथे सगळ्या पोरांची खाती उघडली होती. आधार शेवटचं त्या खात्याला जोडलेलं. सरकारी पैसा तुम्ही अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला ते पाहत नाही, आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं तिथे जातो. पैसे चार महिने त्या विसरलेल्या खात्यात पडून होते आणि मी मेसवाल्या काकूंना 'पुढच्या आठवड्यात देते' म्हणत होते. आधारच्या साईटवर 'बँक सीडिंग स्टेटस' नावाची जागा आहे, ओटीपी टाकला की बँकेचं नाव दिसतं. आजच बघून घ्या.

वसतिगृहाचं थोडक्यात. माझी रूमपार्टनर आरमोरीची, बौद्ध. तिचा शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून ती रडत होती. नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठीच तर स्वाधार योजना आहे. नागपूरसारख्या शहरात जेवण, राहणं आणि बाकी खर्च मिळून वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मिळतात. आदिवासी मुलांसाठी तशीच स्वयंम योजना आहे, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी अलीकडे सावित्रीबाई फुल्यांच्या नावानं आधार योजना आली. प्रत्येकीच्या अटी आणि तारखा वेगळ्या, दरवर्षीचा जीआर (शासन निर्णय) स्वतः वाचा. मुलींसाठी आणखी एक: २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (खुल्या वर्गातले आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा आरक्षणाचा वर्ग) मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा.

आता एटीकेटी, म्हणजे पेपर राहिला तरी पुढे जायची सोय. पहिल्या हिवाळी परीक्षेत माझा केमिस्ट्रीचा एक पेपर राहिला. (आपल्याकडे परीक्षांना उन्हाळी आणि हिवाळी म्हणतात, पुण्याच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो.) आमच्या गावात नापास म्हणजे नापास. वर्ष गेलं, लग्नाचं बघा. मी आठ दिवस कॉलेजला गेले नाही. खोलीत पडून असायची, घरी सांगायची की तास चालू आहेत. बोनाफाईड सांगणारी ती मुलगी खोलीवर आली. तिचे स्वतःचे दोन राहिले होते, आणि ती बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, तर्री पोहे बांधून घेऊन आली होती! पेपर राहिला तरी पुढच्या सेमिस्टरला बसता येतं, तेवढाच पेपर पुन्हा द्यायचा, मार्क चुकीचे वाटले तर उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो, फक्त मुदत फार थोडी असते. हे सगळं ती पोहे खाता खाता बोलली, जसं काही कोणाच्या लग्नाची गोष्ट सांगते आहे. ते आठ दिवस मला आजही आठवतात. तसे दिवस लांबले, झोप उडाली, तर कॉलेजात समुपदेशक असतात का ते विचारा; नसतील तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. रॅगिंगसाठी वेगळी हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२.

बहुतेक कॉलेजांत मेंटॉर नावाचा प्रकार असतो. वीस-पंचवीस मुलांमागे एक शिक्षक. माझे मेंटॉर कोण हे मला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार म्हणून घाईघाईनं फॉर्मवर सह्या घेत होते तेव्हा. सगळीकडे असंच असतं असं नाही, पण बऱ्याच ठिकाणी मेंटॉर कागदावर राहतो. त्याला कागदावरून उठवायचं काम आपलं. स्टाफरूमच्या दारात उभं राहून "सर, मी तुमच्या मेंटॉर ग्रुपमध्ये आहे" एवढं म्हटलं की पुरे. माझ्या सरांनी मला बसवलं, घरचं विचारलं आणि म्हणाले, "मग वर्षभर कुठं होतीस?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

खरं उत्तर एनएसएसमध्ये सापडलं. राष्ट्रीय सेवा योजना. ही १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर केलं की प्रमाणपत्र मिळतं. मी नाव दिलं ते प्रमाणपत्रासाठीही नाही, शिबिरात सात दिवस जेवण मिळतं म्हणून. खोटं कशाला बोलू.

शिबिर डिसेंबरात, कॉलेजनं दत्तक घेतलेल्या गावात होतं. तिसऱ्या दिवशी नाल्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत रेती-माती भरायची, तोंड शिवायचं, पोती सांधे चुकवून रचायची, मधल्या फटींत माती दाबायची. धरमपेठ-रामदासपेठेतली पोरं पोती गळ्यापर्यंत ठासून भरत होती आणि मग ती उचलत नव्हती. मी म्हटलं, "अरे, पाऊण भरा. पूर्ण भरलं तर ते बसतच नाही, दगडासारखं गडगडते." सगळे माझ्याकडे पाहायला लागले. एनएसएसच्या पीओ (कार्यक्रम अधिकारी) सरांनी मलाच पुढे केलं. दुपारपर्यंत पाणी अडलं. रात्री चूल पेटत नव्हती, तीही मीच पेटवली. ज्या मुली वर्गात फाडफाड इंग्रजी बोलायच्या, त्या मला एकामागून एक प्रश्न विचारत होत्या. ओलं लाकूड कसं ओळखायचं? फुंकणी कशी धरायची? कोणालाही लाज वाटत नव्हती. त्यांनी विचारलं म्हणून त्या माझ्या नजरेत लहान झाल्या नाहीत. मी मात्र वर्षभर असं समजत होते की प्रश्न विचारला की आपलं घर उघडं पडतं. बाबांनी हात पसरू नको म्हटलं होतं, तोंड उघडू नको म्हटलं नव्हतं.

त्यानंतर गोष्टी पटापट झाल्या, त्या पटापटच सांगते. एनएसएसच्या कामासाठी ऑफिसात जावं लागायचं, म्हणून बाबू नावानं ओळखायला लागले. ग्रंथपाल मॅडमनी कमवा आणि शिका योजनेचं सांगितलं. रोज दोन तास पुस्तकांवर नंबर टाकायचे, त्यातून मेसचा अर्धा खर्च निघायचा. वाचनालयात बसून बसून केमिस्ट्रीचा तो पेपरही उन्हाळी परीक्षेत निघाला. युवा महोत्सवात आमच्या कॉलेजच्या पथनाट्यात मी होते, दोनच वाक्यं होती, पण होते. आणि एक गंमत: नागपूर विद्यापीठाला २००५ पासून ज्यांचं नाव आहे त्या तुकडोजी महाराजांचा फोटो आमच्या गावच्या देवळात आहे, संध्याकाळी तिथे सामुदायिक प्रार्थना होते. पहिल्या वर्षी गुणपत्रिकेवर ते नाव वाचताना माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

आता नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएस, एनसीसी, खेळ, कला यांना अभ्यासक्रमातच श्रेयांक आहेत, त्यामुळे 'अभ्यास सोडून हे कायले' असं घरचे म्हणाले तर त्यांना गुणपत्रिका दाखवता येते. पण दहा ठिकाणी नाव देऊ नका. माझ्या वर्गातला एक मुलगा एनसीसी, नाटक, क्रिकेट आणि करिअर कट्टा सगळीकडे होता; हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली आणि परीक्षेच्या तोंडावर प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभा राहिला. एक जागा धरा, तिथे दोन वर्षं टिका.

बर्डीवर जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतात, पण सिलॅबस बदललेला नाही ना, ते सीनियरला विचारून मगच घ्या. मेसचे पैसे महिन्याचे एकदम देऊ नका, आधी आठवडाभर जेवून पाहा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत अभ्यास होत नाही, कॉलेजची अभ्यासिका उघडी असते का ते मार्चमध्येच विचारून ठेवा.

२०२५ मध्ये निकाल लागला. टीसी काढायला बाबा सोबत आले, तीन वर्षांत पहिल्यांदा. धोतर नवीन, खिडकीपासून चार हात लांब उभे. बाबूंनी टीसी दिली आणि म्हणाले, "ताई, डिपॉझिट घ्यायचं राहिलं तुमचं." ॲडमिशनच्या वेळी प्रयोगशाळेची आणि वाचनालयाची अनामत रक्कम घेतात, ती कॉलेज सोडताना परत मिळते. दरवर्षी कितीतरी मुलं ती न घेताच जातात, असंही ते म्हणाले. मी अर्ज लिहिला, सही केली. रक्कम मोठी नव्हती. बाबांनी नोटा दोनदा मोजल्या आणि हळूच मला विचारलं, "हे आपलेच होते का?"

"हाव, आपलेच."

त्यासाठी पहिल्या वर्षाची मूळ पावती लागते. माझी रसायनशास्त्राच्या जर्नलच्या मागच्या कव्हरमध्ये सापडली. तुमची आत्ताच कुठेतरी नीट ठेवून द्या, आणि मोबाईलमध्ये फोटो काढा.